घाट चढणारं इंजिन आणि रेस जिंकणारं इंजिन यातला फरक आयुष्यभर शोधत राहिलेला लोहाराचा पोरगा : सोइचिरो होंडा

मंचरवरून घोडेगाव, तिथून डिंभे धरणाच्या कडेकडेने वळणं घेत रस्ता आहुप्याला जातो. आंबेगाव तालुक्यातलं सह्याद्रीच्या अगदी काठावरचं गाव. पुढे रस्ताच नाही. खाली मुरबाडचा मुलूख आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. पायी उतरायला आहुपे घाट आहे, पण गाडीचा प्रवास इथेच संपतो.

पावसाळ्यातल्या रविवारी या रस्त्यावर दोन जातींच्या गाड्या असतात. एक पुण्याकडून आलेली, सायलेन्सर बदललेली, लांबून कळते अशी. दुसरी गावातली शंभर सीसीची, मागे माणूस, मध्ये हिरड्याचं पोतं. गंमत म्हणजे चढावर पहिलीवाला सारखा गिअर पाडत असतो आणि दुसरा तिसऱ्या गिअरमध्ये गपगुमान निघून जातो. पहिल्या गाडीची ताकद कागदावर दुपटीने जास्त असू शकते. मग असं का होतं?

याचं उत्तर इंजिनाच्या डोक्यात बसलेल्या एका दांड्यात आहे. त्याला म्हणतात कॅमशाफ्ट. आणि हा दांडा कुठल्या कामासाठी कसा असावा, या प्रश्नाशी ज्या माणसाची पन्नास वर्षं झटापट चालली होती त्याचं नाव आपल्याकडे कितीतरी गाड्यांच्या टाकीवर लिहिलेलं असतं. होंडा.

आधी दांडा समजून घेऊ, मग माणूस.

फोर स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत यायला एक झडप असते आणि जळलेला धूर बाहेर जायला दुसरी. मेकॅनिक त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. हे व्हॉल्व्ह कधी उघडायचे, किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमशाफ्टवरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे ठरवतात. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो. म्हणजे इंजिन ६००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडून बंद होतो.

आता उंचवटा जाड केला तर व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो. वरच्या आरपीएमला इंजिन भरभरून श्वास घेतं, टॉप स्पीड वाढतो. पण खालच्या आरपीएमला त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून आत आलेलं मिश्रण परत मागे ढकललं जातं. दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळही वाढतो, त्यामुळे ताजं मिश्रण आणि धूर एकमेकांत मिसळतात. गाडी स्लोला धकधक करते, बंद पडते, चढावर ओढ मारत नाही. थोडक्यात, ताकद वाढत नाही, ती वर सरकते. हे एवढं लक्षात ठेवलं की होंडांचं अख्खं आयुष्य समजायला सोपं जातं.

सोइचिरो होंडांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या शिझुओका प्रांतातल्या कोम्यो नावाच्या खेड्यात. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. आई मिका विणकाम करायची. शाळेत पोराचं लक्ष नव्हतं. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा तो तिच्या मागे पळाला आणि रस्त्यावर सांडलेल्या तेलाचा वास नाकात भरून घेत बसला, ही आठवण त्यांनी म्हातारपणापर्यंत सांगितली. १९१७ साली आर्ट स्मिथ नावाचा अमेरिकी वैमानिक हमामात्सूला कसरती दाखवायला आला, तेव्हा दहा वर्षांचं हे पोरगं वडिलांची सायकल घेऊन घरात न सांगता एकटं तिकडे गेलं होतं.

१९२२ मध्ये ते टोकियोतल्या आर्ट शोकाई या गॅरेजात शिकाऊ म्हणून लागले. सुरुवातीला हातात पाना मिळालाच नाही, मालकाचं मूल सांभाळायचं काम मिळालं. पुढच्या वर्षी टोकियोत महाभूकंप झाला, गॅरेजातली माणसं पांगली आणि उरलेल्यांना खरं काम शिकायला मिळालं.

या गॅरेजचे मालक युझो साकाकिबारा यांना रेसचा नाद होता. त्यांनी अमेरिकी कर्टिस विमानाचं जुनं इंजिन मिळवलं आणि ते मिशेल कंपनीच्या मोटारीच्या चासीवर बसवलं. लाकडी स्पोक तासण्यापासूनची कामं करायला सतरा वर्षांचा होंडा हाताखाली होता. नोव्हेंबर १९२४ मधल्या रेसमध्ये ही गाडी पहिली आली. चालवत होता मालकाचा धाकटा भाऊ शिनिची, आणि शेजारी मेकॅनिक म्हणून बसला होता होंडा.

अमेरिकेत पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर पोरांनी जुन्या फोर्ड गाड्या भंगारातून उचलल्या, पत्रा कमी केला, इंजिनात जाड कॅम टाकले आणि त्यांना हॉट रॉड हे नाव पडलं. जपानमध्ये होंडा आणि मंडळी नाव नसतानाच तेच करत होती.

१९२८ मध्ये त्यांनी हमामात्सूला आर्ट शोकाईची शाखा उघडली. धंदा जोरात चालला. कमावलेला पैसा रेसमध्ये जाऊ लागला. फोर्डच्या इंजिनावर त्यांनी स्वतःची गाडी बांधली आणि जून १९३६ मध्ये टोकियोजवळच्या तामागावा ट्रॅकवर उतरवली. शेजारी धाकटा भाऊ बेंजिरो. गाडी सुसाट असताना मध्येच दुसरी गाडी आडवी आली. होंडांची गाडी उडाली, दोघे बाहेर फेकले गेले. होंडांच्या चेहऱ्याला जबर मार लागला, भावाची दुखापत त्याहून गंभीर होती. जीव वाचला ही नशिबाची गोष्ट. वेगाचं वेड मात्र गेलं नाही, फक्त पुढे स्टिअरिंग दुसऱ्यांच्या हातात आलं.

मधली काही वर्षं पिस्टन रिंगची. दुरुस्तीपेक्षा काहीतरी बनवावं असं त्यांनी ठरवलं आणि रिंगा ओतायला घेतल्या. रिंगा तुटायच्या. का तुटतात ते कळेना, म्हणून तिशी ओलांडलेला हा माणूस हमामात्सूच्या तांत्रिक शाळेत पोरांबरोबर जाऊन बसला. परीक्षा द्यायला नकार दिला आणि शाळेने नाव काढून टाकलं. टोयोटाला तपासणीसाठी दिलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ पास झाल्या होत्या. तरी चिकाटी सोडली नाही आणि शेवटी टोयोटाला माल जाऊ लागला. युद्धात बॉम्ब पडले, जानेवारी १९४५ च्या भूकंपात कारखाना कोसळला. उरलंसुरलं त्यांनी टोयोटाला साडेचार लाख येनला विकलं आणि वर्षभर चक्क काही केलं नाही.

१९४६ मध्ये लष्कराच्या वायरलेस सेटला वीज पुरवणारी छोटी इंजिनं त्यांच्या हाती लागली. ती सायकलला जोडली. इंधनटंचाईच्या देशात रांगा लागल्या. इंजिनं संपली तेव्हा स्वतःचं बनवलं. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली आणि १९४९ मध्ये ड्रीम नावाची पहिली मोटारसायकल आली.

इथे एक गोष्ट पाहा. तोवरची होंडाची सगळी इंजिनं टू स्ट्रोक होती. टू स्ट्रोकला कॅमशाफ्टच नसतो, पिस्टनच खालीवर होताना भोकं उघडतो आणि झाकतो. बनवायला सोपं, पण धूर आणि कर्कश आवाज ठरलेला. १९४९ मध्ये ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. विक्री आणि पैशाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नव्हतं, पण गिऱ्हाइकाचं कळत होतं. लोकांना फोर स्ट्रोकचा भरीव आवाज आवडतोय हे त्यांनी होंडांच्या मागे लावून धरलं.

त्यातून १९५१ मध्ये ड्रीम ई-टाइप आली. १४६ सीसी, साडेपाच हॉर्सपॉवर. नकाशा काढणारा इंजिनिअर कियोशी कावाशिमा, तेव्हा विशीतला. आता या गाडीची परीक्षा कुठे घ्यायची? होंडांनी सपाट रस्ता निवडला नाही. हाकोने घाट निवडला. जपानमधला नावाजलेला अवघड चढ, जिथे त्या काळच्या गाड्या मध्येच थांबून इंजिन गार करत. १५ जुलै १९५१, वादळी पाऊस. कावाशिमा ड्रीमवर पुढे, होंडा आणि फुजिसावा ब्युइक मोटारीतून मागे. मोटार मागे पडली आणि छोटी मोटारसायकल न थांबता माथ्यावर पोचली. तिघे वर भिजत नाचले असं सांगतात. हाच कावाशिमा पुढे कंपनीचा दुसरा अध्यक्ष झाला.

हॉट रॉडसाठी कॅम निवडणारा माणूस नेमका हाच प्रश्न चुकवतो. तो कॅटलॉगमध्ये सर्वात मोठा आकडा बघतो, हाकोने बघत नाही. अनुभवी मेकॅनिक उलटे प्रश्न विचारतो. गाडीचं वजन किती? गिअर आणि मागचं स्प्रॉकेट किंवा ॲक्सल कोणतं? दिवसातला जास्त वेळ इंजिन किती आरपीएमवर असतं? कॉम्प्रेशन किती? कारण जाड कॅम दाब गळवतो, आणि कॉम्प्रेशन कमी असेल तर खालची ओढ पारच जाते. मोटारीत ब्रेकचा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. कॅम फार जाड असेल तर स्लोला व्हॅक्यूम पडतो आणि ब्रेक दगडासारखा होतो. म्हणून रस्त्यावर चालणाऱ्या अमेरिकी व्ही-८ साठी जाणकार ०.०५० इंच उघडझापेवर मोजलेला २१० ते २३० अंशांच्या आसपासचाच कॅम सुचवतात. स्प्रिंगाही बदलाव्या लागतात, नाहीतर वरच्या वेगाला व्हॉल्व्ह कॅमचा पाठलाग सोडून तरंगतो आणि कधीकधी पिस्टनलाच जाऊन धडकतो. मग हेड, पिस्टन, सगळंच गेलं. दोन कॅममध्ये मन अडकलं तर लहान घ्यावा, हा या धंद्यातला जुना सल्ला आहे आणि तो पोरं कधीच ऐकत नाहीत. (आपल्याकडे परवानगीशिवाय इंजिनात असे बदल करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, हे वेगळंच.)

होंडांना दोन्ही टोकं हवी होती. मार्च १९५४ मध्ये कंपनी पैशाच्या अडचणीत असताना त्यांनी जाहीर केलं की आपण आयल ऑफ मॅन टीटी या जगातल्या सर्वात खडतर रेसमध्ये उतरणार. लोकांना वेडेपणा वाटला. १९५९ मध्ये ते खरंच उतरले, १२५ सीसी गटात सहावे आले आणि सांघिक बक्षीस घेऊन गेले. दोनच वर्षांनी १२५ आणि २५० अशा दोन्ही गटांत पहिले पाचही नंबर होंडाचे. १९६६ ची सहा सिलिंडरची २५० सीसी रेसर १८,००० आरपीएमपर्यंत जायची. हिशेब करा, प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला १५० वेळा. यासाठी त्यांनी प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजी चार छोटे व्हॉल्व्ह दिले. हलका व्हॉल्व्ह कॅमच्या मागे इमानदारीने पळतो. आज तुमच्या-आमच्या साध्या मोटारीत १६ व्हॉल्व्ह असतात, त्याचा प्रसार होण्यात या रेसरचा मोठा हात आहे.

आणि याच काळात, ऑगस्ट १९५८ मध्ये, त्यांनी सुपर कब आणली. ५० सीसी फोर स्ट्रोक, साडेचार हॉर्सपॉवर, क्लच दाबायची गरज नाही, एका हाताने चालवता यावी अशी, कारण दुसऱ्या हातात नूडल्सचं ताट घेऊन जाणारा डिलिव्हरीचा पोरगा डोळ्यासमोर होता. ना टॉप स्पीडचा तोरा, ना आवाज. २०१७ पर्यंत या घराण्यातल्या १० कोटी गाड्या बनल्या. आपली १९८५ ची हिरो होंडा सीडी १०० याच घराण्यातली. आहुप्याच्या चढावर हिरड्याचं पोतं ओढणाऱ्या इंजिनाचं मूळ तिथे आहे.

पण हे शहाणपण होंडांना कायम साधलं असं नाही, आणि त्यांच्या चरित्रातला हा भाग सहसा कौतुकाच्या भरात गाळला जातो. १९६३ मध्ये कंपनीने पहिलं चारचाकी वाहन आणलं. टी-३६०, भाजीपाला वाहणारा छोटा टेम्पो. त्यात काय बसवलं? चार सिलिंडर, चार कार्ब्युरेटर आणि रेसच्या गाडीसारखे दोन कॅमशाफ्ट! ३५६ सीसीतून ३० हॉर्सपॉवर, तेही ८५०० आरपीएमला. इंजिनिअर खूश, पण कांद्याची पोती भरलेला टेम्पो ८५०० आरपीएमला कोण पळवणार? चार वर्षांनी आलेल्या टीएन-३६० मध्ये दोन सिलिंडरचं, एका कॅमचं साधं इंजिन आलं.

पुढची चूक महागात पडली. ऑक्टोबर १९६५ मध्ये मेक्सिकोत होंडाने पहिली फॉर्म्युला वन शर्यत जिंकली होती. त्या जोरावर होंडांनी हट्ट धरला की पाण्याने इंजिन गार करण्याची भानगडच नको, हवेनेच झालं पाहिजे. तसं इंजिन घातलेली आरए-३०२ ही रेसकार जॉन सर्टीस या कंपनीच्याच ड्रायव्हरने चालवायला नकार दिला, ती सुरक्षित नाही म्हणून. तरी ७ जुलै १९६८ ला फ्रान्समध्ये रूआँच्या ओल्या ट्रॅकवर ती उतरवली गेली, दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन. जो श्लेसर त्याचं नाव. तिसऱ्या लॅपला गाडी बांधावर आदळून पेटली आणि श्लेसर जागीच गेला.

तरी होंडा मागे हटले नाहीत. १९६९ ची एच-१३०० ही हवेने गार होणारी मोटार आली, ताकदीला भारी, वजनाला त्याहून भारी, बनवायला महाग. खपली नाही. अमेरिकेत धुराचे कडक नियम येत होते आणि हवेच्या इंजिनाचं तापमान आवरत नसल्यामुळे ते नियम पाळणं अशक्य आहे, असं तरुण इंजिनिअर जीव तोडून सांगत होते. मालक ऐकेना. शेवटी त्यांनी फुजिसावांना गाठलं. फुजिसावांनी होंडांना एकच पेच घातला, तुम्हाला या कंपनीचा अध्यक्ष राहायचंय की इंजिनिअर? होंडांनी अध्यक्ष निवडलं आणि पाण्याच्या इंजिनाला होकार दिला. ज्या माणसाने हाताने सगळं उभं केलं त्याच्यासाठी हे सोपं नव्हतं.

त्या होकारातून सीव्हीसीसी इंजिन जन्मलं. कॅमवर एक जास्तीचा उंचवटा आणि त्याने उघडणारा एक छोटा तिसरा व्हॉल्व्ह. तो ठिणगीजवळच्या छोट्या कप्प्यात दाट मिश्रण सोडायचा, बाकी सिलिंडरमध्ये विरळ. दाट मिश्रण पेटलं की विरळही नीट जळायचं आणि धूर कमी व्हायचा. वेगळं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावता अमेरिकेचे नियम या इंजिनाने पार केले. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या ते शक्यच नाही म्हणत असताना.

होंडांना वाटलं आता या बड्या कंपन्यांना गाठायची संधी आली. ते तसं बोलूनही गेले. तेव्हा त्यांच्याच इंजिनिअरांनी सांगितलं की आम्ही हे त्या कंपन्यांना हरवायला करत नाही, पोराबाळांना स्वच्छ हवा मिळावी म्हणून करतोय. ही गोष्ट त्यांना लागली. आपण मागे राहिलो हे त्यांनी ओळखलं. १९७३ मध्ये, कंपनी ऐन भरात असताना, होंडा आणि फुजिसावा दोघे एकत्र निवृत्त झाले. खुर्चीवर बसला हाकोनेचा घाट चढलेला कावाशिमा. त्याच वर्षी मुलगा हिरोतोशीने मुगेन नावाची स्वतंत्र कंपनी काढली, होंडा गाड्यांची इंजिनं ट्यून करणारी. वडिलांच्या कंपनीत तो गेलाच नाही.

निवृत्तीनंतर होंडा कंपनीच्या देशभरातल्या कारखान्यांत आणि शोरूममध्ये फिरले, एकेका कामगाराशी हात मिळवत. एका मेकॅनिकने हाताला ग्रीस आहे म्हणून हात मागे घेतला तर त्यांनी तोच हात हवा म्हणून पुढे ओढला, असं सांगितलं जातं. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा सुरू झाली तेव्हा ते कारभारातून कधीच बाहेर पडले होते.

एप्रिल १९८९ मध्ये कंपनीच्या इंजिनिअरांनी तो जुना पेच एकदाचा सोडवला. इंटेग्रा मोटारीत व्हीटेक नावाचं इंजिन आलं. एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकारचे उंचवटे. खालच्या आरपीएमला बारीक उंचवटा व्हॉल्व्ह चालवतो, गाडी गावात शहाण्यासारखी चालते. आरपीएम वर गेले की तेलाच्या दाबाने एक पिन सरकते, जाड उंचवटा ताबा घेतो आणि तीच गाडी रेसची होते. १.६ लिटरमधून १६० हॉर्सपॉवर, स्लोला धकधक नाही. त्याच वर्षी अमेरिकेच्या ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये होंडांचं नाव गेलं, असा मान मिळालेले ते पहिले जपानी.

५ ऑगस्ट १९९१ ला यकृताच्या आजाराने सोइचिरो होंडा गेले. कंपनीने मोठा अंत्यविधी करू नये असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. कारण साधं होतं. गर्दी होईल, रस्ते अडतील आणि मोटारी बनवणाऱ्या माणसामुळे लोकांना ट्रॅफिक जाममध्ये अडकावं लागेल.